धाप हृदयाची, दोष ग्रंथीचा

२४० ठोके
दवाखान्याच्या टेबलावर बावरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला २०० पर्यंत जातात, त्यात काही वावगे नाही. पण बारा वर्षांचे मांजर घरात निवांत बसलेले असताना २४० ठोके पडत असतील, तर गळ्यातली थायरॉईड ग्रंथी तपासायला हवी. असे मांजर सारखे खायला मागते, तरी पाठीचे मणके हाताला लागतात. मांजराच्या अतिसक्रिय थायरॉईडचा हा आजार १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम नोंदला गेला. पाश्चात्त्य देशांत दहा वर्षांवरच्या सुमारे १०% मांजरांत तो आढळतो. ग्रंथीवरची गाठ ९७-९८% वेळा साधी असते. जादा संप्रेरकामुळे हृदयाला रात्रंदिवस जादा रक्त ढकलावे लागते आणि त्याच्या भिंती जाड होतात. वेळेत उपचार झाले, तर हे बदल बऱ्याच अंशी ओसरतात.

कुत्र्यात नेमके उलटे होते. थायरॉईड मंदावते, वजन वाढते, ठोके संथ होतात.

२७ ला १
कुत्र्याच्या रक्तात एका भाग पोटॅशियमला किमान २७ भाग सोडियम हवे. अॅडिसन आजारात मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक कमी पडते, सोडियम लघवीवाटे जाते आणि पोटॅशियम साठते. ते लिटरमागे ५.५ मिलिमोलच्या बरेच वर गेले, की हृदयाची विद्युत लय बिघडते. उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या कुत्र्याची नाडी जलद हवी; इथे ती ५० वर रेंगाळते. सलाईन लावले की कुत्रा उठून बसतो, काही दिवसांनी पुन्हा आडवा होतो. असे दोनदा झाले, तर हे गुणोत्तर तपासून घ्याच.

१६०
वरचा रक्तदाब १६० च्या पुढे गेला की डोळे, मूत्रपिंड, मेंदू आणि हृदय धोक्यात येतात. अॅड्रिनलच्या जादा संप्रेरकामुळे होणाऱ्या कुशिंग आजाराच्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांचा दाब वाढलेला असतो. सारखे पाणी पिणे, लोंबते पोट, विरळ केस ही कुशिंगची लक्षणे. खाजेसाठी वारंवार दिलेल्या स्टिरॉइडनेही हीच लक्षणे उमटतात. मात्र ते एकाएकी बंद करू नये.

३० श्वास
पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर उसातल्या बिबट्याची चाहूल आधी कुत्र्याला लागते. तोच मंदावला, तर ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी पुणे गाठायचे तर ६५-७५ किलोमीटरचा प्रवास. धापणाऱ्या जनावराला तो सोसेलच असे नाही. थायरॉईडच्या तपासणीला मात्र रक्ताची एक नळी पुरते, आणि ती एकटी पुण्याला जाऊ शकते.

कुत्रा किंवा मांजर गाढ झोपले, की छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा: ३० सेकंद, गुणिले २. आकडा ३० च्या आत हवा. मग डाव्या कोपराच्या मागे, छातीवर बोटे टेकवून १५ सेकंद ठोके मोजा, गुणिले ४. दोन्ही आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा. पुढच्या महिन्यात आकडा बदलला, तर तो पशुवैद्यकांना दाखवा आणि विचारा, ‘ग्रंथी तपासायच्या का?’ वयाला औषध नाही, ग्रंथीला आहे.