मागच्या गल्लीतला वास

कॉव्हेंट्री हे मोटारींचं गाव. कॅन्लीत ट्रायम्फच्या गाड्या बनायचं १९८० मध्ये थांबलं, ब्राउन्स लेनला जग्वारचं २००५ मध्ये, रायटनला प्यूजोचं २००६ मध्ये. मोठे कारखाने गेले, पण गल्लीबोळांतली छोटी गॅरेजं राहिली.

फोलशिलमधल्या आमच्या परसबागेला लागूनच असं एक गॅरेज आहे. काम गाड्या रंगवायचं. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात खिडकी उघडली की थिनरचा वास थेट स्वयंपाकघरात! फोडणीचा वास शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेणारी माणसं, आणि हा उलटाच प्रकार. त्यात धाकट्याला दमा. दमा गॅरेजमुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण तो रात्री खोकायला लागला की आमचा जीव वरखाली व्हायचा. तक्रार करावी, तर मालक ओळखीचे. तेही भारतातून आलेले, चार माणसांचं पोट त्या गॅरेजवर.

शेवटी कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य खात्याला फोन केला. त्या निमित्ताने जे कळलं, ते वाचकांनाही उपयोगी पडेल.

१९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कामाची वाटणी केली. मोठे, गुंतागुंतीचे कारखाने केंद्राच्या निरीक्षकांकडे (इंग्लंडमध्ये १९९६ पासून एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे) आणि ठराविक लहान उद्योगांची हवा कौन्सिलकडे. या दुसऱ्या गटाला ‘पार्ट बी’ म्हणतात. पेट्रोल पंप, ड्राय क्लीनर, दहनगृहं, काँक्रीटचे प्लांट, सगळे त्यात येतात. परवाना घ्यायचा, दरवर्षी फी भरायची, तपासणी करून घ्यायची. अटीही मोघम नाहीत. ड्राय क्लीनरने किलोभर कपड्यांमागे २० ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट हवेत जाऊ द्यायचं नाही! हे परवाने कौन्सिलच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही बघता येतात.

पण आमचं गॅरेज यात बसेना. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त सॉल्व्हंट वापरणाऱ्या रंगकामालाच परवाना लागतो. आम्ही हिरमुसलो. तेव्हा अधिकारी बाईंनी सांगितलं, परवाना नसला तरी उपद्रवाचा नियम सगळ्यांना लागू आहे. तोही त्याच कायद्यात. वास खरोखर उपद्रव ठरला, तर कौन्सिल नोटीस बजावते. मात्र नोंद हवी : तारीख, वेळ, वास किती वेळ टिकला, वारा कुठला.

आम्ही तीन आठवडे कालनिर्णयवर सगळं टिपलं. आणि कागद पाठवण्याआधी मालकांकडे गेलो. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “अहो, आधी बोलायचंत ना!” उकाड्यामुळे दार उघडं ठेवून फवारणी चालायची, आणि फिल्टर कधीचे तुंबलेले. अधिकारी येऊन बघून गेल्या. फिल्टर बदलले, दार बंद राहू लागलं. नोटिशीची वेळ आली नाही. मालक काही महिने आमच्याशी तुटक वागले, हेही खरं. दिवाळीला मात्र फराळाला आले.

आपल्याकडे हे काम मुख्यतः राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९८१ च्या हवा कायद्याखाली उद्योगांना मंडळाची संमती लागते. पण पालिकेलाही सुटका नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महापालिकेने नोटिसा काढल्या. पावाची भट्टी काय, रंगाचं गॅरेज काय, प्रश्न तोच : शेजाऱ्याचा श्वास आणि मालकाचा खर्च.

आमचा सल्ला एवढाच. नोंद ठेवा, कौन्सिलला विचारा, संकोच नको. पण त्याआधी एकदा शेजाऱ्याचं दार वाजवा. आम्ही ते उशिरा वाजवलं.