पातेऱ्याला काडी लावताय? आधी भाट्येला जाऊन या!

भाट्येच्या किनाऱ्यावर तुम्ही गेलाच असाल. सुरूबनात फोटो, वाळूत क्रिकेट आणि परत रत्नागिरी! पण याच गावात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथे कधी डोकावलात? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. इथली ‘लाखी बाग’ एकदा बघाच.

नारळाची दोन झाडं साडेसात मीटरवर लावतात. त्यांची मुळं मुख्यतः बुंध्याभोवतीच अन्न शोधतात, त्यामुळे मधली बरीचशी जमीन रिकामीच राहते. लाखी बागेत चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी, बुंध्यावर काळी मिरी चढवलेली, शिवाय केळी आणि अननस. एकाचा भाव पडला तर दुसरं पीक हात देतं.

पण खरी गंमत खाली, मातीत आहे. किनाऱ्याची पुळण पाणी धरत नाही. वर कातळावर जांभ्याची माती, आणि आपला पाऊस तर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे! उघड्या मातीतलं सत्त्व तो धुऊन नेतो. झाडांची सावली आणि खाली पडलेला पाला हा मार अंगावर घेतात. पाला कुजला की त्याचा सेंद्रिय कर्ब होतो. तोच ओलावा धरतो आणि जिवाणूंना, गांडुळांना जगवतो.

एका माडाच्या वर्षाला साधारण बारा झावळ्या गळतात. हेक्टरी पावणेदोनशे माड धरले, तर झाल्या दोन हजारांवर! झावळ्यांचे तुकडे, थोडं शेण, ओलावा, सावली आणि गांडुळं, एवढ्यावर खत तयार होतं. सोडणं आळ्यात पुरली की उन्हाळ्यात पाणी टिकतं. आणि आपण काय करतो? वाडी ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून सगळ्याला काडी लावतो, मग खताची गोणी विकत आणतो.

आता लाखी बाग म्हणजे रासायनिक खत बंद, असं नाही. माती परीक्षण करून लागेल तेवढं द्यावंच लागतं. माती एका पावसाळ्यात सुधारतही नाही. जायफळाला फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे आज एफवायला असाल, तर पहिलं जायफळ हातात येईल तेव्हा तुम्ही नोकरीला असाल, कदाचित मुंबईत. मग वाडी कोण बघणार, हा प्रश्न आहेच. पण तोवर माती जिवंत राहिली, तर परत यायला काहीतरी असेल.

म्हणून या मे महिन्यात घरी गेलात की एवढंच करा. एका माडाच्या आळ्यात पातेरा पसरा, शेजारचं आळं तसंच उघडं ठेवा. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघा. आजोबांनाही दाखवा. काडीपेटी तेच बाजूला ठेवतील!