सोशिकपणा नव्हे, तयारी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘मनोबल’ या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते बाहेरचे होते, सुस्थितीतले होते, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. संकटे येतातच, माणसाने मन खंबीर ठेवावे, तक्रार करू नये, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, असे त्यांनी तासभर सांगितले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिची शिष्यवृत्ती वर्षभर अडकलेली होती. ती म्हणाली, “सर, आमच्या घरात सगळ्यांचंच मन खंबीर आहे. मग आमचं बरं का होत नाही?” काही मुले हसली. वक्त्यांनी काहीतरी सांगितले, पण ते उत्तर नव्हते. मी त्या मुलीला शिकवते. मलाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

येथे प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. दलितांच्या सोशिकपणाचे कौतुक या देशात नेहमीच झाले आहे. उपाशी राहून जो कुरकुर करीत नाही, शिव्या खाऊन जो जोहार घालतो, तो चांगला माणूस, असे गावगाड्याने आम्हाला शिकवले. या सोशिकपणालाच आज मनोबल असे नवे नाव मिळत असेल, तर ते आम्ही नाकारले पाहिजे. सोसणे ही परिस्थितीने लादलेली गोष्ट आहे. तयारी ही माणसाने ठरवून केलेली गोष्ट आहे. सोसणारा माणूस संकट संपण्याची वाट पाहतो. तयारी करणारा माणूस संकट येण्यापूर्वीच विचारतो, की माझी कोंडी कोण करू शकतो, कशाने करू शकतो, आणि त्यातले काय मी आजच माझ्या हातात घेऊ शकतो? बाहेरून दोघेही सारखेच शांत दिसतात. पण पहिल्याची शांतता लाचारीची असते आणि दुसऱ्याची हिशेबाची.

हा हिशेब बाबासाहेबांनी फार स्पष्टपणे मांडला होता. मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले, जे पुढे ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी माणसाच्या तीन बळांचा विचार केला आहे : मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. अस्पृश्य गावोगाव विखुरलेले आणि थोडे, म्हणून मनुष्यबळ नाही. शेती नाही, धंदा नाही, म्हणून द्रव्यबळ नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या अपमान मुकाट्याने गिळल्यामुळे मानसिक बळही खचलेले. हे विवेचन त्यांनी धर्मांतराची आवश्यकता पटवून देण्यासाठी केले होते, हे विसरता कामा नये. परंतु त्यातला एक धडा आपल्या विषयाला थेट लागू पडतो. मानसिक बळ त्यांनी इतर दोन बळांपासून तोडून, एखाद्या साधूच्या गुणासारखे पाहिले नाही. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही आणि ज्याच्या पाठीशी चार माणसे नाहीत, त्याला नुसते ‘खंबीर राहा’ म्हणणे ही थट्टा आहे.

आमच्यावर येणारी संकटे दोन तऱ्हेची असतात. दुष्काळ, रोगराई, बेकारी ही सर्वांवर येतात, आमच्यावर अधिक येतात. दुसरे संकट खास आमच्यासाठी घडवलेले आहे, ते म्हणजे बहिष्कार. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्टे समितीने १९३० च्या अहवालात त्याची नोंद केली आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की जमीनदार काम बंद करतात, वाण्याचे दुकान बंद होते, नेहमीची वाट बंद होते. अस्पृश्यांना दडपण्यासाठी याहून परिणामकारक हत्यार नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. म्हणजे बहिष्कार ही मुळात साठ्याची लढाई असते. कोणाचे पीठ आधी संपते, एवढाच प्रश्न असतो. काठी उगारावी लागत नाही. भूक ते काम करते.

ही गोष्ट महाडच्या कार्यकर्त्यांना नेमकी कळली होती. मार्च १९२७ च्या पहिल्या परिषदेला पिण्याचे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले होते. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. त्यामुळे डिसेंबरची परिषद भरवताना काय होणार याचा अंदाज होता. महाडचे व्यापारी माल देणार नव्हते, मंडपासाठी जागा कोणी देणार नव्हते. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांची जागा मिळवण्यात आली आणि सुमारे दहा दिवस पुरेल इतका शिधा बाहेरून आणून ठेवण्यात आला. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या ज्वाळेमागे तांदळाची आणि डाळीची पोती होती, हे सांगत नाही. भाषण करणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. पोती मोजून घेणाऱ्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

महाडचा दुसरा धडा संयमाचा आहे. परिषदेपूर्वी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. तरी सत्याग्रह तहकूब झाला, गावातून मिरवणूक निघाली आणि लढाई न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. दहा वर्षे कागद जपावे लागले, तारखा सांभाळाव्या लागल्या. हेही मनोबलच आहे, पण त्यावर पोवाडा होत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी आजी मराठवाड्यातल्या एका लहान गावात, गावकुसाबाहेर राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या वेळी वस्तीतल्या चार शिकलेल्या पोरांनी तहसीलदाराकडे खेटे घालून वस्तीसाठी वेगळी विहीर मंजूर करून घेतली. विहीर आमच्याच लोकांनी खणली. तेव्हा म्हाताऱ्यांना तो पोरांचा हट्ट वाटला होता.

पुढे २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. कित्येक गावांत घरे जळाली. आमच्या गावात घर जळले नाही. तेथे बहिष्कार पडला. मजुरी बंद, किराणा बंद, पिठाची गिरणी बंद. आषाढ संपत आलेला, म्हणजे कणग्यांचा तळ दिसण्याचे दिवस.

आजीकडे एक जाते होते. गिरणी आल्यावर बहुतेक घरांतली जाती अंगणात धूळ खात पडली होती, काही विकली गेली होती. आजी मात्र आपले जाते वापरात ठेवायची. बाया तिला हसायच्या. ती सांगायची, “गिरनी त्यांची हाय, जातं माझं हाय.” त्या दिवसांत वस्तीतल्या सर्व घरांचे दळण त्या एका जात्यावर आणि शेजारच्या दुसऱ्या जात्यावर पाळीपाळीने झाले. ज्यांच्या कणगीत जोंधळे होते त्यांनी ते बाहेर काढले. कोणाचे किती, याची चिठ्ठी एका पोराने लिहून ठेवली. वस्तीतला एकजण तालुक्याच्या गावी मास्तर होता. तो शनिवारी एस.टी.ने मीठ, काडेपेट्या, रॉकेल घेऊन यायचा. पाणी आमच्याच विहिरीचे होते.

दीड महिना असा गेला. मग पावसाने उघडीप दिली, शेतांतून तण माजले आणि खुरपणीला माणसे मिळेनात. आधी एक शेतकरी आला, मग तिघे आले. कोणी माफी मागितली नाही. बहिष्कार नुसता विरून गेला. वस्तीतली चार घरे भुकेने आधीच कामावर गेली असती, तर तो विरला नसता.

पण आजी ही गोष्ट एवढ्यावर संपवीत नसे. त्याच दिवसांत एक बाई बाळंतपणात अडली. गावातून बैलगाडी मिळाली नाही. चार माणसांनी तिला बाजेवर घालून तीन कोस नेले. बाई वाचली, मूल गेले. आणि दोन घरे पुण्याला निघून गेली ती परत आली नाहीत. म्हणून मी जात्याचे स्तोत्र गाऊ इच्छित नाही. तयारीने सगळे संकट टळत नाही. तयारीने एवढेच होते, की शरण जाण्याची वेळ लांबते आणि तेवढ्या अवधीत परिस्थिती बदलायला वाव मिळतो. हा अवधी मिळवणे, याचेच नाव स्वावलंबन. स्वावलंबन म्हणजे एकट्याने उभे राहणे असे मानणाऱ्यांनी पाहावे, की त्या दीड महिन्यात एकट्याने उभे असलेले एकही घर नव्हते. तथागतांनी स्वतःच्याच आधाराने राहण्याचा उपदेश केला, तोही संघाला, दररोज एकत्र राहणाऱ्या भिक्खूंना केला होता.

माझी पिढी येथेच चुकली, असे मला वाटते. आम्ही शिकलो, शहरात आलो, आणि वस्तीची ती चिठ्ठी मागे राहिली. मी कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहे. जेवढे तास, तेवढे मानधन, आणि तेही महिनोन्‌महिने उशिरा. २०२० च्या टाळेबंदीत तास बंद झाले. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी आईबरोबर कापूस वेचायला जात होते. कामाची मला लाज नव्हती. माझी आई जन्मभर तेच करत आली आहे. पण विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना कळू नये म्हणून मी फोन उचलणे सोडले. घरात अन्न होते, पण मी कोणाशी बोलत नव्हते, आणि रात्र रात्र झोप येत नव्हती. नंतर कळले, की माझ्याच ओळखीचे आणखी पाचजण त्याच अवस्थेत होते आणि तेही फोन उचलत नव्हते. सहा पदव्युत्तर माणसे सहा खोल्यांत वेगवेगळी लाजत बसली होती. आजीच्या वस्तीत निरक्षर बाया एका जात्याभोवती बसल्या होत्या. त्यांचे मनोबल आमच्याहून जास्त का टिकले, हे सांगायला मानसशास्त्राची गरज नाही.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढले गेले. रोहितची फेलोशिप कित्येक महिने मिळालेली नव्हती. त्यांनी आवारातच पाल ठोकले आणि त्याला ‘वेलिवाडा’ असे गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव दिले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. तो कमकुवत होता, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. बहिष्कार गावातून विद्यापीठात आला आहे. आता तो गिरणी बंद करून येत नाही. फेलोशिप थांबवून, खोलीला कुलूप लावून येतो. आपली तयारी मात्र अजून भाषणापुरतीच आहे.

मग करायचे काय? आम्ही सहाजणांनी २०२१ पासून महिन्याला दोनशे रुपये एकत्र ठेवायला सुरुवात केली. ज्याचे मानधन अडकते तो त्यातून उचलतो, मिळाले की भरतो. वहीत नोंद असते. रक्कम मोठी नाही. पण अडचण आहे हे सांगण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, आणि तोच मोठा लाभ आहे. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासिकेत असे होऊ शकते. विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या प्रतींचा एक संच घराबाहेर, विश्वासू माणसाकडे ठेवावा. अर्ज केला की पोच घ्यावी, ती जपावी. कायदा पाठ असावा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला आहे; सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदाही केला. बाबासाहेबांनी ही मागणी १९४७ मध्येच लिहून ठेवली होती. पदवीबरोबर हाताला एक दुसरे काम असावे. आणि कार्यकर्त्यांनी सभेच्या खर्चाबरोबर सभेनंतरच्या महिन्याचाही हिशेब करावा. उठाव केल्यावर मजुरी बंद झाली तर कोणत्या घरात किती दिवसांचे धान्य आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने वस्तीला उठावाला बोलावू नये.

यावर एक आक्षेप येईल. आम्हीच आमची सोय केली, तर सरकार मोकळे नाही का होणार? आक्षेप खरा आहे. ‘स्वावलंबी व्हा’ हा उपदेश पुष्कळदा देणे बुडवणाऱ्याकडूनच येतो. पण आमच्या वस्तीची विहीर आठवावी. ती सरकारकडून भांडून घेतलेली होती आणि आमच्या हातांनी खणलेली होती. हक्क मागणे हा तयारीचाच भाग आहे. उपाशी माणसाला तहसीलदाराच्या दारात फार दिवस बसता येत नाही. घरी पीठ असले म्हणजे बसता येते.

त्या मुलीला मी हे सारे नंतर सांगितले. तुमच्या घरात मन खंबीर आहे, पण प्रत्येकाचे आपापल्यापुरते आहे, असे म्हटले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, आमच्या वर्गात शिष्यवृत्ती अडकलेल्या अजून अकराजणी आहेत.” मी म्हटले, वही आण. समाजकल्याण कार्यालयात आम्ही बाराजणींचा एकत्र अर्ज दिला आहे. पोच वहीत चिकटवली आहे.