नकलांचा दप्तरदार

बॅकअपच्या सॉफ्टवेअरविषयी लिहा, असे संपादकांनी फर्मावले तेव्हा, जिची आठवण माणसाला केवळ आपत्तीच्या प्रसंगी होते अशा वस्तूविषयी वाचकास रुचेल असे काय सांगावे, ही शंका मनात आली होती; परंतु ‘रेस्टिक’ या मुक्त सॉफ्टवेअरची ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ०.१४ ही आवृत्ती जसजशी उलगडून पाहिली, तसतशी ती शंका ओसरत गेली.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. जर्मनीतील अलेक्झांडर नॉयमान यांनी २०१४ साली गो या भाषेत हे काम आरंभिले. फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, दूरच्या सर्व्हरवर किंवा भाड्याच्या क्लाउडवर ठेवावी, ठेवण्यापूर्वी ती कूटबद्ध करावी, आणि एकच मजकूर दोनदा साठवू नये, ही त्याची त्रिसूत्री.

यांपैकी तिसऱ्या कलमापाशी मी सर्वाधिक रेंगाळलो. फायलीचे ठराविक लांबीचे तुकडे पाडले, तर खतावणीच्या पहिल्या पानावर एक ओळ घुसडताच पुढील प्रत्येक पानाची शेवटची ओळ जशी पलीकडे ढकलली जाते, तशी एका अक्षराच्या भरीने पुढच्या सर्व तुकड्यांची उलथापालथ होते आणि सारी फाइल नव्याने साठवावी लागते. रेस्टिक मात्र छेदाची जागा लांबीवरून मुक्रर करीत नाही, मजकुरावरून करते. ६४ बाइटांची एक चौकट फायलीवरून एकेक बाइट पुढे सरकत जाते. चौकटीतील मजकुराचा, मायकेल रॅबिन या गणितज्ञाने दाखविलेल्या रीतीने, बहुपदीच्या भागाकारातून एक ठसा निघतो. आणि त्या ठशाचे ठराविक २० बिट शून्य आले की तेथे छेद पडतो. तुकडा सरासरी एक एमबीचा, अर्ध्या एमबीहून लहान नाही आणि आठांहून मोठा नाही. मधे एक परिच्छेद वाढला, तर बहुधा तेवढाच तुकडा बदलतो. पुढचे छेद पूर्वीच्याच जागी पडतात. प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून त्याची खूण काढली जाते, आणि ती खूण दप्तरी आधीच रुजू असेल तर तुकडा पुन्हा ठेवला जात नाही.

या यंत्रणेत एक उणीव वर्षानुवर्षे राहिली होती, ती मजकूर आवळून ठेवण्याची. प्रकल्पाच्या मागण्यांच्या नोंदवहीत तिचा क्रमांक २१, म्हणजे मागणी जवळजवळ प्रकल्पाच्याच वयाची. ०.१४ ने ती पुरविली. आता तुकडा झेडस्टँडर्ड पद्धतीने आधी आवळला जातो आणि मगच कूटबद्ध होतो. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण कूटबद्ध मजकुरात आवळण्याजोगी पुनरुक्तीच उरत नाही. पत्रव्यवहार, हिशेब आणि प्रोग्राम यांची जागा यामुळे लक्षणीय वाचते. छायाचित्रे व चित्रफिती मूळच्याच आवळलेल्या असल्याने त्यांच्या बाबतीत फारसा लाभ नाही.

परंतु अडचणीही येथूनच सुरू होतात. तुकड्याची खूण न आवळलेल्या मजकुरावरूनच काढली जात असल्याने, जुना तुकडा दप्तरी आहे असे दिसताच रेस्टिक त्याला हात लावीत नाही. म्हणजे जो गुण जागा वाचवितो तोच जुन्या नकलांना नव्या सुधारणेपासून वंचित ठेवितो. नकलांचे जुने भांडार आधी नव्या स्वरूपात न्यावे लागते, मग साफसफाईच्या ‘प्रून’ आज्ञेला न आवळलेले तुकडे पुन्हा बांधण्यास निराळे फर्मावावे लागते. भांडार क्लाउडवर असेल तर ते सारे तुकडे खाली उतरवून पुन्हा वर चढवावे लागतात, आणि ०.१४ पूर्वीच्या आवृत्तीस ते भांडार यापुढे वाचता येत नाही. ‘चेक’ ही आज्ञा साधेपणाने चालविली, तर ती केवळ दप्तराची रचना तपासते. प्रत्येक तुकडा वाचून खातरजमा करण्यास तिला तसे वेगळे सांगावे लागते, आणि घाईच्या दिवसात ते कोण सांगतो? शिवाय पासवर्ड हरवला तर सारे संपले, कारण मागच्या दाराने आत शिरण्याची सोय कर्त्यांनी बुद्धिपुरस्सर ठेवलेलीच नाही.

एवढे असूनही माझा कौल रेस्टिकच्या बाजूनेच आहे. मात्र कोणतीही आवृत्ती वापरा, नक्कल घेतली एवढ्यावर निश्चिंत राहू नका. पासवर्ड कागदावर लिहून विश्वासू माणसाजवळ द्या, आणि महिन्यातून एकदा तरी एखादी फाइल भांडारातून दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणून, ती उघडून वाचून पाहा.