त्रेचाळीस अंशांच्या गावात घर शोधताना

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. २०२३ मध्ये जूनअखेरीपासून जुलै संपत येईपर्यंत तिथं सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतं. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना त्यात फारसं नवल वाटणार नाही. मे महिन्यात आम्ही ४५-४६ अंश बघतो, सरकारी रुग्णालयात उष्माघाताचा वेगळा कक्ष उघडतो आणि पाऊस पडला की बंद करतो. डॉक्टर म्हणून मला त्याच जुलैतला दुसरा आकडा जास्त खटकला. फिनिक्समध्ये लागोपाठ १६ दिवस किमान तापमान ३२.२ अंशांच्या खाली आलं नाही. १९ जुलैला तर किमान तापमान ३६.१ अंश होतं. किमान! म्हणजे रात्री घराबाहेरची हवा माणसाच्या त्वचेपेक्षा गरम. फिनिक्स ज्या मारिकोपा काउंटीत येतं, तिथं त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले.

अशा शहरात हौसेनं पोहणारी, सायकल दामटणारी आणि धावणारी माणसं राहतात, आणि त्यांत मराठी मुलंही आहेत. चँडलर या उपनगरात संगणक चिप बनवण्याचे मोठे कारखाने आहेत, टेंपीत राज्याचं विद्यापीठ आहे. माझ्या भाच्याला तिथंच नोकरी लागली. त्यानं गोव्यातली अर्ध-आयर्नमॅन पूर्ण केली आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. त्यानं मला तीन घरांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, यातलं कुठलं घेऊ?" एक घर शहराच्या कडेला, क्वीन क्रीकच्या बाजूला, नवं, ऐसपैस, भाडं कमी. दुसरं चँडलरमध्ये, ऑफिसच्या जवळ. तिसरं टेंपीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, कालव्याच्या काठी, तिघांत सगळ्यात महाग. त्यानं मुळात स्वयंपाकघर आणि पार्किंगबद्दल विचारलं होतं. मी त्याला विचारलं, "पहाटे साडेचारला दार उघडून बाहेर पडलास की पुढच्या तीन तासांत काय काय करता येईल, ते घरागणिक लिहून पाठव."

तीन तासच का? ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. १९६८ पासून त्या राज्यानं ती भानगड ठेवलेली नाही. त्यामुळे जूनअखेर फिनिक्समध्ये सूर्य पाच वाजून वीस मिनिटांच्या आसपास उगवतो. आठ-नऊ वाजेपर्यंत ऊन भाजायला लागतं आणि संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर, काँक्रीट, भिंती दिवसभर साठवलेली उष्णता ओकत राहतात. उन्हाळ्यात व्यायामाला उरते ती फक्त पहाट. घरापासून तलावापर्यंत जायला चाळीस मिनिटं लागत असतील तर जाऊन-येऊन या पहाटेतले ऐंशी मिनिटं गाडीतच गेले. पुण्या-मुंबईत अंतर म्हणजे नुसता वैताग. इथं अंतर वाढलं की व्यायाम आपोआप उन्हात सरकतो.

शरीराचं गणित थोडं समजून घेऊ. व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा थंड असली तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ अंशांच्या वर गेली की वाहतं उलटं, आणि बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. मग घाम एवढाच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळवंटातल्या कोरड्या हवेत तो झटकन वाळतो, म्हणून तिथं ४० अंशांतही माणूस धावू शकतो. गोव्यात ३२ अंशांत भाचा चिंब भिजला होता आणि तरी तापला होता, कारण दमट हवेत घाम ठिबकतो, वाळत नाही.

पण या कोरडेपणातच फसगत आहे. शर्ट ओला होत नाही, कपाळावरून धार लागत नाही, त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असं वाटतं. सायकलवर तर हे आणखी जाणवत नाही, वारा लागतो आणि बरं वाटतं. प्रत्यक्षात तासाला एक ते दोन लिटर पाणी निघून गेलेलं असतं आणि तोच वारा उष्णता आत ढकलत असतो. यावर साधा उपाय वजनकाट्याचा. व्यायामाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करायचं, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरायचं. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं तर पाणी कमी पडलं. उलट वजन वाढलं असेल तर नुसतं पाणी ढोसलंय, रक्तातलं सोडियम उतरायचा धोका आहे. लांबच्या शर्यतींत या दुसऱ्या कारणानंही माणसं बेशुद्ध पडतात. आमच्याकडे पन्हं मीठ घालून करतात, त्यामागे शहाणपण आहे. खिशातल्या कांद्यामागे मात्र मला ते अजून सापडलेलं नाही.

आता टेंपीच्या फ्लॅटकडे वळतो. कालव्याचा काठ ही फिनिक्सची खरी दौलत आहे. होहोकम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी सॉल्ट नदीतून कालवे खणून या वाळवंटात शेती केली. आजचे काही कालवे त्यांच्याच जुन्या मार्गांवरून जातात. आज मोठ्या कालव्यांची लांबी मिळून २०० किलोमीटरच्या वर भरते आणि त्यांच्या काठांवर पायी आणि सायकलनं जाता येतं. शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये पुराचं पाणी वाहून नेण्यासाठी सिमेंटचा नाला बांधायचं घाटत होतं. त्याऐवजी लोकांनी हिरवळीचा लांबलचक पट्टा करवून घेतला. तिथली सायकलवाट मोठ्या रस्त्यांच्या खालून जाते, त्यामुळे सिग्नल जवळपास लागत नाहीत. हा फायदा मोठा आहे. फिनिक्सचे रस्ते रुंद, सरळ आणि वेगवान आहेत. सायकलला ओलांडताना मोटारीनं किमान तीन फूट अंतर ठेवावं असा ॲरिझोनाचा कायदा आहे, पण कायदा काही हेल्मेट नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुडइयर या उपनगरातल्या पुलावर एक पिकअप ट्रक सायकलस्वारांच्या गटात घुसला आणि दोघांचा जीव गेला. म्हणून रोजचे किलोमीटर जिथं मोटारी नाहीत अशा वाटेवर काढता येतील का, हा प्रश्न माझ्या यादीत उष्णतेच्या लगेच खाली आहे.

पोहण्याची गंमत वेगळीच. टेंपीत नदीच्या कोरड्या पात्रात १९९९ मध्ये केलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तलाव आहे. तिथं आयर्नमॅन शर्यत झाल्या आहेत, फोटो सुंदर येतात. पण परवानगी घेतलेल्या स्पर्धा-कार्यक्रमांखेरीज त्यात उतरायला मनाई आहे. कालव्यातही पोहता येत नाही. म्हणजे 'पाण्याकाठचं घर' या जाहिरातीचे पैसे पोहणाऱ्यानं मोजायचं कारण नाही. रोजचा सराव सार्वजनिक किंवा विद्यापीठाच्या तलावात, आणि उघड्यावरचे तलाव उन्हाळ्यात इतके कोमट होतात की जोरात पोहलं तर अंग तापतं. खुल्या पाण्यातल्या स्पर्धांसाठी जागतिक जलतरण संघटनेनं ३१ अंशांची कमाल मर्यादा ठेवली आहे, तीही याचसाठी. सुट्टीच्या दिवशी लेक प्लेझंटसारख्या जलाशयात जाता येतं. कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा क्वचित असू शकतो. केरळमुळे आपल्याला तो ऐकून माहीत आहे. आजार अतिशय विरळा, पण जवळजवळ नेहमी जीवघेणा. नाकाला चिमटा लावायला काही खर्च येत नाही.

क्वीन क्रीकच्या ऐसपैस घराबद्दल माझा आक्षेप भाड्याचा नाही, धुळीचा आहे. ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. माती उकरली गेली, वादळ उठलं की तिचे बीजाणू हवेत येतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. होणाऱ्या आजाराला तिथं 'व्हॅली फीवर' म्हणतात आणि अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्य ॲरिझोनातलेच असतात. लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना काहीच कळत नाही. उरलेल्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, सांधेदुखी, अंगावर पुरळ आणि मुख्य म्हणजे महिनोन्‌महिने न जाणारा थकवा येतो. माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यावर माणसांसाठी लस नाही. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, जोरात सायकल मारताना ती दहापट होते. जिथं रोज नवी वसाहत खणली जाते, पलीकडे उघडी शेतं आहेत, तिथं एवढा श्वास ओढत तासन्‌तास फिरणं मला पटत नाही. जुन्या वस्तीत राहून धोका शून्य होत नाही, धूळवादळ सगळ्या खोऱ्यावरून जातं. पण रोजची मात्रा कमी होते. घरात मधुमेही किंवा गरोदर बाई असेल, कुणाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर हा मुद्दा आणखी वर घ्यावा, कारण त्यांच्यात हा आजार पसरू शकतो.

यात आपल्या इथल्या डॉक्टरांसाठीही एक गोष्ट आहे. ॲरिझोनाहून सुट्टीवर आलेला तरुण खोकला, वजनात घट आणि क्ष-किरणात फुप्फुसावर डाग घेऊन आला तर आपल्या मनात पहिलं नाव क्षयाचं येणार, आणि ते येणं बरोबरच आहे. पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत तर औषधं सुरू करण्याआधी 'कुठं राहून आलास?' हे विचारावं. आणि रुग्णानंही न विचारता सांगावं. प्रयोगशाळेलाही कळवावं लागतं, कारण ही बुरशी बशीत वाढवली की तिथं काम करणाऱ्याला तिची लागण होऊ शकते.

धुळीखेरीज ओझोन आहे. उन्हाळ्यात मोटारींचा धूर आणि कडक ऊन यांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दुपारनंतर तो सर्वाधिक असतो. दम्याची प्रवृत्ती असलेल्यानं संध्याकाळचा सराव त्या महिन्यांत घरातल्या स्थिर सायकलवर करावा. म्हणजे एक खोली तेवढी मोठी हवी.

घराच्या आत काय बघायचं? पश्चिमेची मोठी खिडकी नको, सगळ्यात वरचा मजला नको. वातानुकूलन यंत्र किती जुनं आहे ते घरमालकाला स्पष्ट विचारावं. पूर्वी तिथंही आपल्या वाळ्याच्या कूलरसारखे कूलर होते, पण पावसाळी दमटपणात ते हात टेकतात. तिथं वीज ही औषधासारखी आहे. २०१८ मध्ये ५१ डॉलर थकले म्हणून वीज तोडलेल्या घरात ७२ वर्षांच्या एका बाईंचा मृत्यू झाला. त्यानंतर १ जून ते १५ ऑक्टोबर थकबाकीपोटी वीज तोडण्यावर बंदी आली. खेळाडूला तर गार झोपेची गरज इतरांहून जास्त असते. झोपेत शरीराचं तापमान उतरलं नाही तर कालचा सराव मुरत नाही आणि आजचा धोक्याचा होतो.

आणि बाथटब. भाच्याला हे ऐकून हसू आलं. पण व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात जीव वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर, बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, अशा वेळी अंगाला घाम असला तरी तो उष्माघातच. कुणी तरी आपत्कालीन सेवेला फोन करावा आणि तेवढ्यात त्याला बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवावं, डोकं धरून ठेवावं. आधी गार करायचं, मग हलवायचं. आमच्याकडे येणारे बरेच रुग्ण उलट क्रमानं येतात, तासभर तापलेल्या गाडीतून. टब, फ्रीजमध्ये बर्फ आणि घरात दुसरं माणूस, हे तिन्ही असतील तर खोली लहान चालेल. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र घरी थांबू नये, स्नायू विरघळून मूत्रपिंडाला इजा होते आहे असं समजावं.

एक पर्याय भाच्याच्या यादीत नव्हता, तो मी सुचवला. टुसॉन हे शहर फिनिक्सपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, थोडं कमी तापणारं. शहराभोवती २०० किलोमीटरहून लांब, मोटारींपासून वेगळी सायकलवाट आहे आणि शेजारी २,७९१ मीटर उंचीचा माउंट लेमन. खाली भट्टी पेटलेली असताना वर पाइनच्या झाडांत स्वेटर लागतो. व्हॅली फीवर तिथंही आहे. आणि त्याची नोकरी चँडलरमध्ये, रोज जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक, म्हणून तो बेत तिथंच संपला. शनिवार-रविवारसाठी टुसॉन किंवा २,१०० मीटर उंचीवरचं फ्लॅगस्टाफ ठेवावं.

रुजू होण्याची तारीख हातात असेल तर नोव्हेंबर मागावा. जूनमध्येच उतरावं लागलं तर पहिले १०-१४ दिवस सराव निम्मा, वेग कमी, आणि रोज थोडा थोडा वाढवायचा. एवढ्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. सर्दीच्या गोळ्या, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी विचारावं. पुढे सुट्टीला पुण्यात येऊन तीन आठवडे राहिलं की ही कमाई बरीचशी विरते, तेव्हा परत गेल्यावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावं.