झाकण, कडं आणि फूटपट्टी

जमिनीतून किती वायू बाहेर पडतो हे मोजायची रीत मुळात साधी. मातीत रुतवलेल्या कड्यावर झाकण घालायचं आणि आतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो ते पाहायचं. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्रिक लुंडेगॉर्ड १९२० च्या दशकात हेच करत होते. अडचण आहे ती वेळेची. माणूस सकाळी दहाला रानात पोचतो. मातीतले जीवाणू रात्रीही कामावर असतात. त्यात मोठी उसळी येते ती कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्या पडल्या. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये याविषयी लिहिलं आणि या घटनेला त्यांचंच नाव मिळालं. पण वळवाच्या सरीत यंत्र घेऊन बांधावर उभं कोण राहणार?

म्हणून स्वयंचलित पेट्या. मधोमध एकच विश्लेषक, त्याला जोडलेलं झडपांचं खोकं आणि तिथून प्रत्येक पेटीकडे गेलेल्या दोन नळ्या: एक हवा आणणारी, दुसरी परत नेणारी. पेट्या पाळीपाळीने बंद होतात. समजा १६ पेट्या आहेत. प्रत्येकीला झाकणाची २ मिनिटं आणि नळ्यांतली जुनी हवा निघून जायला दीड मिनिट दिलं, तर फेरी ५६ मिनिटांत पुरी होते. इतक्या पेट्या हौसेसाठी नसतात. एखादं मूळ, शेणाचा गोळा, गांडुळांची वर्दळ. हातभर अंतरावर आकडा दुप्पट होऊ शकतो. मापन संपलं की झाकण पूर्ण बाजूला सरकायला हवं, नाहीतर त्याच्याखालच्या मातीला ना ऊन मिळतं ना पाऊस.

खरी परीक्षा पीव्हीसीच्या कड्याची. ते ठोकताना मुळं तुटतात, माती हलते, वायू भसकन सुटतो. म्हणून निदान एक दिवस आधी बसवून ठेवायचं. फार खोल घातलं तर मुळं जास्त तुटतात, वर ठेवलं तर कडेने वायू निसटतो. कड्याचा जमिनीवर राहिलेला भाग पेटीच्या आकारमानात धरावा लागतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात १ सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे ३१४ मिलिलिटर हवा. पेटी ४ लिटरची असेल तर एवढ्या चुकीने उत्तर जवळजवळ ८ टक्क्यांनी हलतं. महागडा विश्लेषक इथे काही करू शकत नाही.

पेटीतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहावा म्हणून झाकणाला एक वायुमार्ग ठेवतात. तिथे नुसती उघडी नळी लावली तर वरून वाहणारा वारा आतली हवा ओढतो, दाब उतरतो आणि माती एरवीपेक्षा जास्त वायू सोडते. आलेखाची पहिली काही सेकंदंही सोडून द्यावी लागतात. झाकण पडताना आतली हवा ढवळलेली असते. पुढे वायू साठत गेला की मातीतून येणारा ओघ मंदावतो, त्यामुळे हिशेब सुरुवातीच्या चढावरूनच करायचा.

गळती शोधायला मात्र तोंड पुरतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास, उच्छ्वासात सुमारे ४०,००० भाग. एकेका सांध्यावर हळूच फुंकर घालायची. पडद्यावर आकडा उसळला की सांधा सैल. उंदरांनी कुरतडलेली नळीही अशीच सापडते.

आपल्या काळ्या मातीत काम आणखी अवघड. उन्हाळ्यात भेगा पडतात, एखादी थेट कड्याखालून जाते आणि वायूला भलतीच वाट मिळते. पावसात माती फुगते, कडं उचललं जातं. एकदा टिपलेली उंची हंगामभर चालत नाही. पेट्या आपोआप उघडमीट करत असल्या तरी प्रत्येक कड्यात फूटपट्टी घेऊन पुन्हा वाकावंच लागतं.