तुरुंग बांधण्याआधीचा हिशेब

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात दोन दशकांपूर्वी एक अंदाज मांडला गेला. कैद्यांची संख्या अशीच वाढत राहिली तर २०२० पर्यंत दोन नवे तुरुंग लागतील आणि २०३० पर्यंत कदाचित तिसराही. एक तुरुंग बांधायला सुमारे २५ कोटी डॉलर लागणार होते आणि तो चालवायला दरवर्षी साडेचार कोटी. हा खर्च टाळून गुन्हेही कमी करता येतील का, याचा अभ्यास करायला २००५ साली विधिमंडळाने आपल्याच संशोधन संस्थेला सांगितले.

‘वॉशिंग्टन स्टेट इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक पॉलिसी’ ही ती संस्था. विधिमंडळाने ती १९८३ साली स्थापन केली. तिच्या नियामक मंडळावर आमदार, राज्यपालांच्या बाजूचे अधिकारी आणि विद्यापीठांचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे ती कोणत्याही एका पक्षाची राहत नाही. अभ्यासाचा विषय बहुतेक वेळा एखाद्या कायद्यात किंवा अर्थसंकल्पातच लिहून दिलेला असतो. प्रश्न सभागृहाने विचारलेला असल्यामुळे उत्तराची वाटही सभागृहच पाहत असते.

कामाची पहिली पायरी म्हणजे गुन्हे कमी करू पाहणाऱ्या कार्यक्रमांवरचे जुने अभ्यास गोळा करणे. या वेळी ५७१ अभ्यास निकषांत बसले. मुख्य अट तुलनेची होती. कार्यक्रमात सहभागी झालेले लोक आणि त्यांच्यासारखेच, पण सहभागी न झालेले लोक, असे दोन्ही गट अभ्यासात हवेत. ‘आमच्याकडे आलेली मुले सुधारली’ एवढ्याने भागत नाही, कारण त्यातली काही एरवीही सुधारली असती.

दुसरी पायरी काटछाटीची. अभ्यासाची मांडणी कच्ची असेल, तर त्यात दिसलेला परिणाम ठरलेल्या प्रमाणात कमी धरला जातो. कार्यक्रम ज्याने तयार केला त्यानेच त्याचे मूल्यमापन केले असेल, तर परिणाम थेट निम्म्यावर आणला जातो.

उरलेल्या परिणामाची तिसऱ्या पायरीवर पैशांत किंमत केली जाते. एक गुन्हा टळला तर पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांवरचा करदात्यांचा किती खर्च वाचतो आणि गुन्ह्याला बळी पडणाऱ्याचे किती नुकसान टळते, हे मोजून त्यातून कार्यक्रमाचा खर्च वजा होतो.

या चाळणीतून निघालेले निष्कर्ष अनेकांच्या समजुतीला धक्का देणारे होते. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी दरडावण्याचा ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा लोकप्रिय उपक्रम स्वस्त होता, पण त्याने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ६.८ टक्क्यांनी वाढत होते. उलट मुलाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवून समुपदेशन करणाऱ्या ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ने तेच प्रमाण १५.९ टक्क्यांनी घटत होते.

२००६ च्या अहवालात संस्थेने वेगवेगळे पर्याय आणि त्यांचे हिशेब मांडले. निवड मात्र आमदारांची होती. २००७ च्या अधिवेशनात त्यांनी दोनपैकी एका तुरुंगाचा बेत सोडला आणि परिणाम सिद्ध झालेले कार्यक्रम वाढवायला ४ कोटी ८० लाख डॉलर दिले.

पैसे मंजूर झाले की अभ्यास संपला, असे मात्र नाही. फॅमिली थेरपी राज्यातल्या बालन्यायालयांत आधीच सुरू झाली होती आणि २००४ साली संस्थेने तिची प्रत्यक्ष तपासणी केली होती. समुपदेशक पद्धत काटेकोरपणे पाळत होते तिथे गंभीर गुन्ह्यांकडे पुन्हा वळण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी भरले. जिथे काम ढिसाळ होते, तिथे काहीच फायदा झाला नाही. कार्यक्रमाचे नाव तेच होते आणि पैसाही सरकारचाच होता. म्हणून अशा योजनेला निधी देणाऱ्या आमदाराला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: हा उपाय लागू पडतो याला पुरावा काय, आणि आपल्याकडे तो नीट राबवला जातोय की नाही हे कोण तपासणार?